विश्लेषण : पडद्यावरच्या चाकूवर चाकूवेडेच नाराज का?

ब्रिटनने १ ऑगस्ट २०२५ पासून ‘निन्जा तलवारी’ बाळगण्यावर बंदी घातली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘झॉम्बी’ पद्धतीच्या चाकूंवरील बंदी अधिक कडक झाली होती. ही दोन्ही नावे लष्करातून किंवा कारखान्यातून आलेली नाहीत, ती चित्रपटांतून आली. नेमक्या याच मुद्द्यावरून चाकू घडवणाऱ्या, जमवणाऱ्या आणि वापरणाऱ्या हौशी मंडळींचे टीव्हीशी जुने भांडण आहे. अमेरिकेत २०१५ पासून गाजलेला ‘फोर्ज्ड इन फायर’ हा रिअ‍ॅलिटी कार्यक्रम त्यांच्या छंदाला घराघरांत घेऊन गेला. तरीही त्याच्याविषयी सर्वाधिक शंका घेणारा वर्ग या छंदातलाच आहे. या शंकांमध्ये तथ्य किती आणि जुन्या कारागिरांचा अहंकार किती, हे तपासण्यासारखे आहे.

कार्यक्रम नेमका कसा असतो?

‘हिस्ट्री’ वाहिनीवर जून २०१५ मध्ये ‘फोर्ज्ड इन फायर’ सुरू झाला. हिस्ट्री टीव्ही १८ मुळे तो भारतीय प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. प्रत्येक भागात चार कारागीर येतात. पहिल्या फेरीत त्यांना साधारण तीन तासांत पाते घडवायचे असते, दुसऱ्या फेरीत त्याला मूठ बसवायची असते. मग परीक्षक ते पाते शिंगांवर, बर्फाच्या लादीवर, दोरावर किंवा माणसाच्या आकाराच्या जेलच्या पुतळ्यावर चालवून पाहतात. प्रत्येक टप्प्यावर एक जण बाद होतो. उरलेले दोघे घरी जाऊन, आपापल्या भट्टीत, चारपाच दिवसांत एखादे ऐतिहासिक शस्त्र घडवून आणतात. विजेत्याला १० हजार डॉलर मिळतात.

सुरुवातीच्या पर्वांत विल विलिस हे माजी सैनिक सूत्रसंचालक होते. परीक्षकांत जे. नीलसन हे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचे ‘मास्टर स्मिथ’, डेव्हिड बेकर हे ऐतिहासिक शस्त्रांचे जाणकार आणि डग मार्केडा हे फिलिपिनो युद्धकलेचे प्रशिक्षक होते. म्हणजे परीक्षकांच्या खुर्चीत अडाणी माणसे बसवली, असे या कार्यक्रमाबद्दल म्हणता येत नाही. चाकूवेड्यांचाही आक्षेप परीक्षकांवर नाही, तर साच्यावर आहे. जाणकार माणूसही तीन तासांच्या घड्याळात अडकला की त्याला जे दाखवायचे ते दाखवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

तीन तासांत पाते होते का?

घडवता येते. हातोडा आणि ऐरण वापरून सवयीचा कारागीर साध्या चाकूचा आकार तासाभरातही काढतो. पण आकार म्हणजे चाकू नव्हे. आपल्याकडचा लोहारही खुरप्याला आकार देऊन थांबत नाही. त्याला ‘पाणी देतो’ आणि मगच ते शेतकऱ्याच्या हातात ठेवतो. पाते कामाचे की बिनकामाचे हे या पाण्यात ठरते आणि नेमका हाच टप्पा टीव्हीवर सर्वात कमी समजतो.

चाकूसाठी लागणारे पोलाद कर्बयुक्त असते. ‘१०९५’ या लोकप्रिय प्रकारात सुमारे ०.९५ टक्के कर्ब असतो. हे पोलाद साधारण ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि कर्ब त्यात विरघळतो. त्या अवस्थेत ते तेलात झपाट्याने गार केले की कर्बाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ‘मार्टेन्साइट’ नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. ती इतकी ठिसूळ असते की असे पाते फरशीवर पडले तरी काचेसारखे तुटू शकते. म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंशांवर तासदोन तास, बहुतेक वेळा दोनदा, भाजून त्यातला ताण कमी केला जातो. याला टेम्परिंग म्हणतात. थोडा कठीणपणा गमावून त्या बदल्यात चिवटपणा मिळवायचा, असा हा व्यवहार आहे.

आता टीव्हीवर काय दिसते? लालभडक पाते तेलात जाते, ज्वाळा उसळतात, संगीत चढते. त्या ज्वाळा प्रत्यक्षात फारशा अर्थपूर्ण नसतात. तापलेला भाग तेलाच्या पृष्ठभागाजवळ राहिला की वाफ पेट घेते. पाते झटकन पूर्ण बुडवले तर ज्वाळा कमी दिसतात. उलट टेम्परिंगमध्ये दिसण्यासारखे काहीच नसते. ओव्हनमध्ये पाते ठेवले आहे आणि माणूस चहा पितो आहे, हे दृश्य कोण पाहणार? त्यामुळे अनेक प्रेक्षकांची समजूत अशी होते की तेलात बुडवले की चाकू तयार झाला.

आणखी एक बारकावा आहे. पारंपरिक भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण पोलादाचे तापमान डोळ्याने, रंगावरून ओळखायचे असते. तोच रंग भर उजेडात फिका दिसतो. स्टुडिओत दिव्यांचा झगझगाट असतो. कारागीर तिथे पाते गरजेपेक्षा जास्त तापवतो, दाणा मोठा होतो आणि पुढे चाचणीत पाते मोडते. काही जण लोहचुंबक वापरतात, कारण साधारण ७७० अंशांच्या पुढे पोलाद चुंबकाला चिकटत नाही. पण तेवढ्यावर अचूक तापमान कळत नाही, फक्त ‘आता जवळ आलो’ एवढेच कळते.

कार्यक्रमात अनेकदा पोलादही भंगारातून उचलायला लावतात. बॉल बेअरिंग, साखळ्या, गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे असा ऐवज समोर टाकला जातो. हे करमणुकीसाठी ठीक. आपल्याकडे गावोगावचे लोहारही ट्रकच्या पाट्यांपासून कोयते करतात आणि ते उत्तम चालतात. पण लोहाराला त्या पाट्याची वर्षानुवर्षांची ओळख असते. स्टुडिओत एका कारागिराला अनोळखी पोलाद, अनोळखी भट्टी, अनोळखी पॉवर हॅमर आणि डोक्यावर घड्याळ मिळते. तिथे जे मोडते ते कारागिराचे कसब की परिस्थितीचा परिणाम, हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही.

तरीही वेळेचा हा आक्षेप मला सर्वात कमकुवत वाटतो. स्पर्धा म्हटली की घड्याळ आलेच. स्वयंपाकाच्या स्पर्धेत अर्ध्या तासात केलेली बिर्याणी पाहून कोणी बिर्याणीची परंपरा बुडाली असे म्हणत नाही.

मग चाचण्यांचे काय?

इथे मात्र टीकाकारांची बाजू भक्कम आहे. चाकूची चाचणी ही या छंदात नवी गोष्ट नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिचे प्रणेते विल्यम मोरान यांनी घडीव चाकूची जवळजवळ विस्मरणात गेलेली कला अमेरिकेत पुन्हा उभी केली. या संस्थेत ‘जर्नीमन स्मिथ’ होण्यासाठी काही वर्षांच्या उमेदवारीनंतर एक प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ती ऐकायला नाट्यमय वाटेल, पण तिच्या प्रत्येक पायरीला कारण आहे.

उमेदवाराने स्वतः घडवलेल्या, १० इंचांपर्यंत पाते असलेल्या चाकूने आधी एक इंच जाडीचा लोंबता दोर एकाच घावात तोडायचा. दोर खाली मोकळा असल्याने जोर लावून उपयोग नसतो, धारेचा कोन आणि पात्याची रचना बरोबर असेल तरच तो तुटतो. मग त्याच चाकूने बांधकामातली सुमारे दोन बाय चार इंचांची लाकडी पट्टी घाव घालून दोनदा तोडायची. यात धार मुडपली किंवा तिचा कपचा उडाला तर बाद. लगेच त्याच, पुन्हा न पाजवलेल्या धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. म्हणजे एवढे काम करूनही धार टिकली. शेवटी तोच चाकू शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचा. पाते तुटता कामा नये. धार कठीण आणि पाठ मऊ ठेवण्याचे कसब इथे उघडे पडते. या परीक्षेनंतर चाकू निकामी होतो आणि ते अपेक्षितच आहे. त्यानंतर उमेदवार पाच तयार चाकू अटलांटाच्या ‘ब्लेड शो’मध्ये परीक्षकांपुढे मांडतो. ‘मास्टर स्मिथ’साठी हीच प्रत्यक्ष परीक्षा किमान ३०० थरांच्या पोलादाच्या चाकूने द्यावी लागते.

या परीक्षेत चार वेगवेगळे गुण एकाच चाकूवर, ठरलेल्या क्रमाने तपासले जातात आणि प्रत्येक उमेदवाराला तीच परीक्षा असते. टीव्हीवरची चाचणी दर भागाला बदलते, कारण प्रेक्षकाला दर आठवड्याला नवे काहीतरी फोडलेले पाहायचे असते. हरणाच्या शिंगावर किंवा मोटारीच्या पत्र्यावर सुरा हाणल्याने तो सुरा चांगला की वाईट हे ठरत नाही. तो सुरा शिंगावर हाणण्याजोगा जाड आहे की नाही, एवढेच ठरते. पातळ धारेचा, भाजीमांस कापायला अप्रतिम असा चाकू त्या चाचणीत मोडेल. कोणी त्याला कुऱ्हाडीसारखी जाड धार देऊन आणला तर तो तगेल आणि स्वयंपाकघरात टोमॅटो चिरडेल.

एका आकड्यात चाकूचे मोल सांगता येत नाही, असे हौशी मंडळी म्हणतात ते या अर्थाने. खरे तर मोजण्याची साधने आहेत. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ‘काट्रा’ या संशोधन संस्थेच्या यंत्रात वाळूचे कण मिसळलेले कार्ड ठरावीक दाबाखाली पात्यावर पुढेमागे फिरवले जाते आणि किती मिलिमीटर कार्ड कापले गेले यावरून धार किती टिकते ते कळते. पोलादतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नाइफ इंजिनीअरिंग’ या पुस्तकात अशा मोजमापांच्या आधारे दाखवले की धार टिकण्यात पोलादाच्या नावाइतकाच, अनेकदा त्याहून अधिक, धारेच्या कोनाचा वाटा असतो. महागड्या पोलादाची जाड धार स्वस्त पोलादाच्या बारीक धारेपुढे हरू शकते. ही माहिती कोणत्याही ग्राहकाच्या उपयोगाची आहे. पण कार्ड कापणारे यंत्र टीव्हीवर कोण बघेल?

याच कार्यक्रमातून २०१८ मध्ये ‘नाइफ ऑर डेथ’ ही उपमालिका निघाली. तिचा सूत्रसंचालक माजी कुस्तीपटू बिल गोल्डबर्ग होता. स्पर्धक धावत जाऊन एकामागून एक वस्तू तोडत, फोडत जातात. त्यात कारागिरी जवळपास दिसेनाशी झाली आणि उरला तो अडथळ्यांचा खेळ. चाकूवेड्यांनी तिला गांभीर्याने घेतले नाही आणि ते बरोबरच होते.

पाच दिवसांत समुराई तलवार?

पहिल्या पर्वात जपानी कताना आणि शिखांचे चक्र अशी शस्त्रे स्पर्धकांना दिली गेली. इतिहासाची आवड असलेल्यांना इथे सर्वाधिक टोचते. जपानमध्ये तलवार घडवण्यासाठी परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करून सरकारच्या सांस्कृतिक विभागाचा परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाल्यावरही कारागिराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. शिवाय एक कताना एकटा माणूस बनवत नाही. पाते घडवणारा वेगळा, त्याला पॉलिश करणारा वेगळा, म्यान करणारा वेगळा, मुठीजवळचा धातूचा तुकडा बसवणाराही वेगळा. युरोपातही मध्ययुगापासून शेफिल्ड आणि झोलिंगेनसारख्या गावांत घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा असे वेगवेगळे व्यवसाय होते. भट्टीपासून म्यानापर्यंत सगळे स्वतः करणारा एकांडा लोहार ही बव्हंशी विसाव्या शतकातल्या अमेरिकी छंदातली प्रतिमा आहे. टीव्हीने ती प्राचीन म्हणून दाखवली.

‘दमास्कस’ या शब्दाचे तर भलतेच झाले. टीव्हीवर जे दमास्कस म्हणून दिसते ते दोन प्रकारचे पोलाद एकमेकांवर रचून, तापवून, हातोड्याने जोडून केलेले थरांचे पोलाद असते. त्यावर आम्ल लावले की नक्षी उमटते. विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये अशा पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि तेव्हापासून अमेरिकेत हे नाव रुजले. ज्या मूळ पोलादामुळे हे नाव प्रसिद्ध झाले ते मात्र वेगळे होते. ते दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मुशीत वितळवून बनत असे. त्याला ‘वुट्झ’ म्हणतात. तेलुगु आणि कन्नडमधला ‘उक्कु’ हा शब्द त्याच्या मुळाशी आहे. तेलंगणातील कोनसमुद्रम आणि तमिळनाडूतील कोडुमणल ही त्याची ज्ञात ठिकाणे. या पोलादातली नक्षी थर जोडून आलेली नव्हे, तर धातू गार होताना आतल्या कर्बयुक्त कणांच्या रांगा लागल्याने आली आहे. अमेरिकेतले जॉन व्हरहोव्हन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी नव्वदच्या दशकात प्रयोग करून दाखवले की खनिजात असलेल्या व्हॅनेडियमसारख्या घटकांचा अत्यल्प अंशही ही नक्षी घडवतो. एक प्राध्यापक आणि एक घोड्याला नाल ठोकणारा लोहार यांनी मिळून केलेले हे संशोधन एखाद्या चांगल्या मालिकेचा विषय झाला असता.

शब्दाचा हा गोंधळ फक्त अभ्यासकांना टोचतो असे नाही. बाजारात ‘दमास्कस’ या नावाने अतिशय स्वस्त चाकू विकले जातात. त्यातले पोलाद कोणते, त्याला पाणी नीट दिले की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. नक्षी दिसली म्हणजे दर्जा आला, हा समज पडद्यावरून ग्राहकापर्यंत पोहोचला आहे, अशी हौशी संग्राहकांची तक्रार आहे. ती मला पटते.

जंगलातला चाकू

साहस-कार्यक्रमांबद्दलही हीच नाराजी आहे, जरा हसत-हसत. ऑगस्ट २०१९ मध्ये बेअर ग्रिल्स यांच्या ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’चा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासह जिम कॉर्बेट उद्यानात चित्रित झालेला भाग प्रसारित झाला. त्यात ग्रिल्स यांनी काठीला चाकू बांधून भाला केला होता. अनुभवी वनवासी हौशी असे दृश्य पाहिले की कपाळाला हात लावतात. जंगलात तुमच्याकडे एकच चाकू असेल तर तो काठीला बांधून फेकायचा नसतो. तो हरवला की सगळेच संपले. काठीचेच टोक तासले तरी भाला होतो. स्वीडनमधल्या मोरा गावचा चार इंचांचा साधा, स्वस्त चाकू बहुतेक कामांना पुरतो, हे या छंदातले जुने मत आहे. पण चार इंचांचा चाकू कॅमेऱ्यात भारदस्त दिसत नाही, ही अडचण.

‘मारक’ भाषेची भीती कशाला?

आता सर्वात महत्त्वाच्या आक्षेपाकडे. ‘फोर्ज्ड इन फायर’मध्ये जेलच्या पुतळ्यावरच्या चाचणीनंतर मार्केडा यांचे ठरलेले वाक्य येते : ‘इट विल कील’. त्यातला ‘कील’ हा शब्द ‘कीप एव्हरीवन अलाइव्ह’, म्हणजे सर्वांना जिवंत ठेवा, याचे संक्षिप्त रूप असल्याचे सांगितले जाते. पण कानाला तो ‘किल’ असाच ऐकू येतो आणि समोर रक्तासारखे द्रव उडत असते. चाकूकडे हत्यार म्हणून नव्हे, तर अवजार म्हणून पाहणाऱ्यांना हे धोक्याचे वाटते. हा त्यांचा हळवेपणा आहे असे वाटू शकते. कायद्याचा इतिहास मात्र त्यांच्या बाजूने आहे.

अमेरिकेत बटण दाबताच उघडणारा ‘स्विचब्लेड’ चाकू पन्नासच्या दशकात बदनाम झाला. १९५० मध्ये एका महिला मासिकातल्या गाजलेल्या लेखाने त्याला ‘मारणारे खेळणे’ ठरवले. मग ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) या चित्रपटात आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७) या संगीत नाटकात तो टोळ्यांच्या तरुणांची ओळख बनून आला. १९५८ मध्ये केंद्रीय कायद्याने त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. त्याच काळात न्यूयॉर्क राज्याने ‘ग्रॅव्हिटी नाइफ’विरोधी कायदा केला. त्याची व्याख्या इतकी सैल होती की मनगटाच्या झटक्याने उघडणारा कोणताही घडीचा चाकू त्यात बसे. पुढे अनेक दशके न्यूयॉर्क शहरात रंगारी, सुतार, नाटकांचे रंगमंच कामगार अशा लोकांना खिशातल्या कामाच्या चाकूवरून अटक होत राहिली. त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांचे प्रमाण मोठे होते. तो कायदा अखेर २०१९ मध्ये रद्द झाला. पडद्यावरच्या प्रतिमेची किंमत चित्रपट काढणाऱ्यांनी नव्हे, सुतारांनी मोजली.

ब्रिटनमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते. निन्जापटांच्या लाटेनंतर १९८८ मध्ये फेकण्याच्या चांदण्या आणि तत्सम वस्तूंवर बंदी आली. २००८ मध्ये वक्र ‘समुराई’ तलवारींवर बंदी आली, पण पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना सूट द्यावी लागली. २०१६ चा पहिला ‘झॉम्बी चाकू’ आदेश तर विशेष वाचनीय आहे. त्यात पात्याच्या आकारासोबत एक अट अशी होती की चाकूवर हिंसेसाठी वापर सुचवणारे शब्द किंवा चित्रे असावीत. म्हणजे पोलाद तेच, धार तीच. फक्त त्याच्यावर काय लिहिले आहे यावरून एक वस्तू गुन्हा ठरली आणि दुसरी नाही. विक्रेत्यांनी शब्द काढून टाकले आणि चाकू विकणे सुरूच ठेवले. ती पळवाट बुजवायला २०२४ उजाडले.

हे निर्बंध अनाठायी आहेत असे नाही. ब्रिटनमध्ये किशोरवयीन मुलांचे चाकूहल्ल्यांत बळी जात आहेत आणि त्यांच्या पालकांनी कायद्यासाठी लढा दिला आहे. ऑनलाइन मागवलेल्या तलवारीने एखादे मूल मारले जाते तेव्हा संग्राहकांच्या गैरसोयीचा मुद्दा छोटाच राहतो. पण हौशी कारागिराचे म्हणणे नीट ऐकले तर ते कायद्याविरुद्ध नाही. ज्या भाषेमुळे कायदा येतो तीच भाषा आमच्या नावावर दर आठवड्याला प्रसारित करू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. चाचणीसाठी माणसाचा पुतळाच का लागतो, या प्रश्नाला कार्यक्रमाकडे ‘ते बघायला आवडते’ याखेरीज उत्तर नाही.

मग या कार्यक्रमाने काहीच भले केले नाही?

केले, आणि बरेच. घण घालणे, कानस मारणे, पात्याचा बाक काढणे ही कामे प्राइम टाइममध्ये आली. पाते तेलातून काढताना येणारा ‘टिंग’ असा बारीक आवाज म्हणजे तडा गेला, हे आज भट्टीजवळ कधीही न गेलेल्या लोकांना कळते. थर नीट न जुळल्याने पोलाद सुटणे, पाते वाकडे होणे, मूठ सैल होणे ही सगळी खरी अपयशे कार्यक्रमात न लपवता दाखवली जातात. कारागिराच्या अपयशाचे कारण परीक्षक सभ्यपणे समजावून सांगतात. हरलेला स्पर्धक विजेत्याशी हात मिळवून जातो. रिअ‍ॅलिटी टीव्हीच्या कुरघोडीच्या दुनियेत ही साधी गोष्ट नाही. जुन्या कारागिरांच्या नाराजीत थोडा मत्सरही आहे. ज्या ओळखीसाठी त्यांनी पंधरा वर्षे ऐरणीवर काढली, ती एखाद्या नवशिक्याला एका संध्याकाळी मिळते. असा मत्सर गायकीतही दिसतो आणि तिथेही तो पूर्ण चुकीचा नसतो.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील कोहोज या छोट्या शहरात एका रहिवाशाने घरामागे पिंपात आग पेटवून धातू तापवण्याचा प्रयत्न केला. वारा होता. आग पसरली आणि शहराच्या मध्यभागातल्या अनेक इमारती जळाल्या, कित्येक कुटुंबे बेघर झाली. टीव्हीवरचा कार्यक्रम पाहून त्याने हा प्रयोग केल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. एका माणसाच्या बेपर्वाईचा दोष कार्यक्रमावर ढकलणे योग्य नाही. पण पंधरा मिनिटांत कापून दाखवलेल्या तीन तासांत भट्टीभोवतीची मोकळी जागा, पाण्याची सोय, वाऱ्याची दिशा, श्वासातून जाणारी धूळ हे काहीच दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात चाकू हा छंद म्हणून फारसा रुजलेला नाही, पण प्रतिमेचा प्रश्न ओळखीचा आहे. कोयता हे ऊसतोड कामगाराचे अवजार. बीड-अहिल्यानगरकडची हजारो जोडपी दरवर्षी तेच हातात घेऊन साखर पट्ट्यात येतात. या कामगारांच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत मात्र पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी आणि समाजमाध्यमांवर कोयते नाचवणाऱ्या मुलांच्या चित्रफितींनी या शब्दाचा अर्थच बदलला. २०२३ मध्ये तर पुण्यात कोयता विकताना ग्राहकाच्या ओळखीची नोंद ठेवावी, असा आग्रह पोलिसांनी धरला. शेतीचे दुकान चालवणाऱ्यांना आणि खुरपी-विळे शेवटून देणाऱ्या लोहारांना त्याचा अर्थ समजावून घ्यावा लागला.

भारतातील शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते असलेली धारदार शस्त्रे नियंत्रित गटात येतात. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे एखादे पाते अवजार की शस्त्र हे त्याच्या मापासोबत ते कशासाठी बनवले आहे यावरही ठरते. कताना घरी टांगायची हौस असलेल्या पुण्या-मुंबईच्या तरुणांना हे माहीत असलेले बरे. ऑनलाइन दुकानात ‘शोभेची’ असे लिहिलेले असले तरी धार आणि लांबी पोलिस स्वतः मोजतात.